हौदा रिकामा झाला की फौज का पळते?

कृष्णाकाठ

यंदा महाशिवरात्रीला नेसरीला गेलो होतो. सोबत नववीतला पुतण्या. खिंडीतल्या स्मारकापाशी बसून त्याला गोष्ट सांगितली. जतजवळच्या उमराणीला सरनौबत म्हणजे सेनापती प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणी तोडलं, खान गयावया करू लागला म्हणून त्याला सोडून दिलं, आणि तोच खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांचं खरमरीत पत्र प्रतापरावांच्या जिव्हारी लागलं. २४ फेब्रुवारी १६७४ ला, त्याही दिवशी महाशिवरात्रच होती, सरनौबत सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण गेले. राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम साडेतीन महिने उरले होते.

पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, मग मागं राहिलेल्या फौजेचं काय झालं?"

मी गप्प. ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, दर वेळी अंगावर काटा येतो, पण मागं राहिलेल्या फौजेचा विचार एकदाही मनात आला नव्हता. ज्या फौजेचा सरनौबत सहा जणांना घेऊन निघून गेला, तिला त्या संध्याकाळी हुकूम कोणी दिला? मुक्काम कुठे करायचा, कोणाशी भिडायचं, कोणाला चुकवायचं, हे कोणी ठरवलं?

घरी आल्यावर वाचत सुटलो आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. आपल्याकडच्या मोठमोठ्या लढायांत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पानिपतची दुसरी लढाई, ५ नोव्हेंबर १५५६: हेमूची सरशी होत होती, त्याच्या डोळ्यात बाण लागला, तो हौद्यात कोसळला आणि फौज फुटली. तालिकोट, १५६५: वृद्ध रामराय पकडला गेला, त्याचं शिर भाल्यावर चढवून दाखवलं आणि विजयनगरच्या अफाट सैन्याची दाणादाण उडाली. सामूगढ, १६५८: दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, लांबून लोकांना रिकामा हौदा दिसला, संपलं. आणि १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

लढणाऱ्या माणसाला समोरचा गनीम दिसत असतो. हातात हत्यार असतं, शेजारी भाऊबंद असतात. मग कुठेतरी मागे एक हौदा रिकामा झाला म्हणून त्याचा पाय का निघावा? सेनापती नेमका कशासाठी असतो? पुढे राहून लढण्यासाठी, की मागे राहून सगळं पाहण्यासाठी? जाणकारांनी लिहावं. पोराला उत्तर द्यायचं आहे.

---

तोफखाना

उत्तम प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

तुम्ही दिलेल्या चारही लढायांतल्या फौजा आजच्या अर्थाने एकसंध सैन्य नव्हत्या. त्या पथकांच्या मोळ्या होत्या. शिपाई सरदाराचा चाकर, सरदार धन्याचा. पगार, जहागिरी, जखमी झालं तर इनाम, मेलं तर पोराला चाकरी, हे सगळं एका माणसाच्या शब्दावर. तो माणूस गेला की त्या क्षणी सगळे करार संपले. मग प्रत्येक सरदाराने आपलं पथक वाचवणं हेच त्याच्या लेखी शहाणपण. शिपायाला आपण भित्रे म्हणतो, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

दुसरं असं की रणात दिसतच नाही. हजारो घोड्यांची धूळ, तोफांचा धूर, कानठळ्या. शेजारच्या पथकाचं काय झालं तेही कळत नाही. निशाण आणि हत्ती एवढंच काय ते उंचावर दिसणार. सेनापती हत्तीवर बसायचा तो मोठेपणासाठी नव्हे, लोकांना दिसावा म्हणून. सामूगढला औरंगजेबाने आपल्या हत्तीच्या पायांत साखळदंड घालायला लावले, म्हणजे हत्तीने ठरवलं तरी मागे फिरायला नको, असं सांगतात. दारा उतरला, औरंगजेब बसून राहिला. दिल्लीचं तख्त कोणाचं, हे ठरण्यात या फरकाचा वाटा मोठा आहे.

आता पानिपत. भाऊ मधोमध, हुजुरातीसह म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेसह, अब्दालीचा वजीर शाहवलीखान याच्यासमोर स्वतः लढत होते. अब्दाली कुठे होता? मागे, उंचवट्यावर, राखीव फौज हाताशी घेऊन. दुपारपर्यंत त्याची फळी मोडत आली होती. इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांची अक्षरशः कत्तल केली होती, वजीर घोड्यावरून उतरून आपल्या पळणाऱ्या लोकांना हाका मारत होता. त्या वेळी अब्दालीने नसकची (फौजेत शिस्त राखणारे शिपाई) पाठवून पळपुट्यांना मारून-झोडून परत रणात ढकललं आणि ताज्या दमाचे लोक पुढे घातले. उंटांवरच्या जंबुरकांचा, म्हणजे छोट्या तोफांचा, मारा सुरू झाला. भाऊंकडे त्या घटकेला पुढे घालायला ताजं पथक नव्हतं, आणि असतं तरी ते घालायचा हुकूम देणारा माणूस स्वतः तलवारीच्या अंतरावर लढत होता.

मला यात सेनापतिपदाचा सगळा धडा दिसतो. अब्दालीने त्या दिवशी तलवार उपसली नाही.

---

माणदेशी

तोफखाना, मुद्दे बरोबर आहेत, पण भाऊसाहेबांवर असं एका ओळीत बोट ठेवू नका, मला वाचवत नाही ते.

माणूस पळाला नाही. डोळ्यांदेखत पुतण्या गेल्यावर, लढाई हातची गेली हे कळल्यावर, त्यांना घोडा वळवता आला असता. होळकर निघाले, इतर सरदार निघाले. भाऊ गर्दीत शिरले ते परत आले नाहीत. काशीराज पंडित अयोध्येचा नवाब शुजा याच्या पदरी होता, विरुद्ध बाजूला होता, त्यानेसुद्धा आपल्या लोकांच्या शौर्याचं वर्णन आदराने केलं आहे. पहाटे उरलंसुरलं खाऊन, तोंडाला हळद फासून, पागोट्यांचे शेव सोडून लोक मरायला बाहेर पडले होते. ही काय पळपुटी फौज आहे?

माझं म्हणणं वेगळं आहे. पानिपत १४ जानेवारीला हरलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात हरलं. अडीच महिने छावणी एका जागी. भोवती खंदक. आत लढणारे, त्यांच्या दुप्पट न लढणारे: यात्रेकरू, बायका, बाजारबुणगे. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते आणि आपल्या छावणीला पाठवत होते, ते डिसेंबरात मारले गेले आणि धान्य बंद झालं. जनावरं मरायला लागली. घोडाच मेला तर मराठ्याकडे उरलं काय? उपाशी माणूस दुपारी दोनपर्यंत लढला हेच आश्चर्य आहे.

आमच्या माणदेशात दुष्काळात चारा छावण्या लागतात. हजार जनावरं एका जागी जगवायला रोज किती गाड्या चारा, किती टँकर पाणी लागतं हे मी स्वतः पाहिलंय. दोन दिवस गाडी चुकली की जनावरं खाली बसतात आणि एकदा बसलेलं जनावर उठत नाही. म्हणून मी सेनापतीची परीक्षा तिथे घेतो. तलवार कशी चालवली, हौद्यात बसला की घोड्यावर, हे नंतर. दाणा-वैरण कुठून येणार आणि ती वाट कोणी अडवली तर दुसरी वाट कुठली, हे आधी.

---

अनुस्वार

माणदेशी यांचा प्रतिसाद फार आवडला. वाचतोय, लिहीत राहा मंडळी.

---

वैजापूरकर

दाणा-वैरणीचा विषय निघाला म्हणून आमच्या पालखेडबद्दल लिहायलाच हवं. आधी एक खुलासा. पालखेड म्हटलं की लोक नाशिककडचं धरण शोधत जातात. ते हे नव्हे. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यातलं.

१७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निघाले तेव्हा वय २७. समोर निजाम, त्याच्या दुपटीहून मोठा, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, दख्खनमधला सगळ्यात मुरलेला सेनानी. त्याच्याकडे जबरदस्त तोफखाना होता. बाजीरावांनी तोफांसमोर जायचंच नाही असं ठरवलं. जालन्याकडे शिरले, वऱ्हाडात वाशीमपर्यंत गेले, तिथून खानदेशात, बऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवली आणि वळले गुजरातेत. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला, तिथे कोणीच नाही. मग त्याने हिशेब केला की बाजीराव लांब आहेत तर आपण पुणं घेऊ. कोल्हापूरच्या संभाजीराजांना बरोबर घेऊन पुण्यात येऊन बसला.

इथे कुठलाही सामान्य सेनापती घर वाचवायला पुण्याकडे पळाला असता. बाजीराव पुण्याकडे आलेच नाहीत. ते निजामाच्या मुलखावर चालून गेले. आता निजामाला बाहेर पडणं भाग. उरकायचं म्हणून जड तोफा मागे ठेवल्या आणि गोदावरी ओलांडून निघाला. आमच्या या बाजूला उघडं माळरान. फेब्रुवारीअखेर. मराठे चारही बाजूंनी, दिसतात पण हाती लागत नाहीत. पाणी मराठ्यांच्या ताब्यात. मोठी अशी लढाई झालीच नाही म्हटलं तरी चालेल. निजामाची तहानलेली छावणी वाकली आणि ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथ-सरदेशमुखी मान्य.

आमच्या आजोबांची जमीन त्या शिवारात होती. ते म्हणायचे, इथं लढाई शोधू नका, इथं विहिरी मोजा. मी मोजल्या आहेत. जुन्या बांधीव विहिरी आणि त्यांच्यातलं अंतर पाहिलं की चालत्या फौजेला पाणी कुठे मिळणार आणि कुठे नाही, हे शेतकऱ्याला लगेच कळतं. बाजीरावांना ते नकाशाशिवाय कळत होतं.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या उमराणीलाही पाणीच तोडलं होतं ना? हे आपल्याकडचं जुनं शस्त्र आहे.

---

पूर्वा_क

वैजापूरकर दादा, सुरेख लिहिलंत.

मूळ प्रश्नाकडे येते. रिकाम्या हौद्याची उदाहरणं दिलीत, पण त्याच्या उलट उदाहरण आपल्याच घरात आहे. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत. राजाराम महाराज जिंजीला, शेकडो कोस दूर. हौदाच काय, हत्ती, तख्त, राजधानी, सगळं गेलं होतं. तोफखाना यांच्या तर्काने ही फौज तेव्हाच विरघळायला हवी होती. ती पुढे अठरा वर्षं लढली आणि औरंगजेब इथेच, नगरजवळ, १७०७ मध्ये मेला.

कसं झालं हे? मला वाटतं दोन गोष्टी होत्या. इथे रामचंद्रपंत अमात्यांना सगळे अधिकार देऊन ठेवले होते, हुकूमतपनाह म्हणून. निर्णयासाठी जिंजीची वाट पाहायची गरज नव्हती. आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्यासारखे लोक होते, ज्यांना पुढचं काय ते स्वतः ठरवता येत होतं.

संताजींची दोड्डेरीची लढाई पाहा. १६९५ चा शेवट. मोगल सरदार कासिमखान मोठी फौज घेऊन चालला होता. त्याचं सामान, डेरे पुढे गेले होते. संताजींनी आपल्या लोकांचे तीन भाग केले. पहिला सामानावर पडला. सामान लुटलं जातंय कळताच खान धावला, त्याच्यासमोर दुसरा भाग. आणि तिसरा बाजूला राखून ठेवलेला, तो ऐन गर्दीत मोकळ्या छावणीवर. पुढे उपासमारीने मोगल दोड्डेरीच्या गढीत कोंडले गेले. कासिमखान तिथेच मेला. बाकीच्यांना खंडणी घेऊन सोडलं, त्यांना खायलाही दिलं. तिसरा भाग राखून ठेवणारा हा माणूस आणि पानिपतावर राखीव फौज धरून बसलेला अब्दाली, दोघांची समज मला एकच वाटते.

संताजींचा शेवट मात्र वाचताना आजही त्रास होतो. शिस्तीला कठोर, कोणाचीही भीडभाड नाही. धनाजींशी वैर, राजाराम महाराजांशी बिनसलं, आणि १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात आपल्याच माणसाच्या हातून गेले.

---

माणदेशी

पूर्वाताई, तो डोंगर आमच्या दारातला. नागोजी माने म्हसवडचे. त्यांच्या मेहुण्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं, त्याचा सूड. इतकी वर्षं झाली तरी गावाकडे हा विषय निघाला की म्हातारी माणसं आवाज खाली करून बोलतात.

मोगलांची घोडी पाणी पीत नसली की "पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का?" म्हणायचे, ते उगाच नाही.

---

जुना_सुभेदार

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. इतिहास तुमच्याइतका वाचलेला नाही. काम केलंय ते सांगतो.

आमच्याकडे लहानातल्या लहान तुकडीला हुकूम देताना एक गोष्ट कधी वगळत नाहीत. मोहीम कुठे, वाट कुठली, गोळीबार कोणाचा, पाणी-दारूगोळा किती, हे सगळं सांगून झाल्यावर सांगतात की मी पडलो तर कमान अमक्याकडे, तो पडला तर तमक्याकडे. आणि ज्याचं नाव घेतलं त्याला उभं करून विचारतात, सांग, काय करायचंय? त्याने सगळा बेत तोंडपाठ सांगायचा. अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. बेळगावला रिक्रूट असताना मला याचा कंटाळा यायचा. डोंगरात प्रत्यक्ष रात्री निघायची वेळ आली तेव्हा कळलं की त्या एका वाक्याने पाठीला किती आधार मिळतो. पुढचा गेला तरी कोणीतरी आहे.

धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पुढे की मागे हा प्रश्न साहेबाच्या हुद्द्यावर आहे. सेक्शन कमांडर पुढेच पाहिजे, नाहीतर पोरं उठणार नाहीत. जनरल पुढे आला तर त्याचं काम कोण करणार? पण जनरलने कधीच पुढे येऊ नये असंही नाही. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हुकूम देणाऱ्या साहेबावर जवानाचा विश्वास बसत नाही. जवानाला सगळं कळतं. साहेबाच्या बुटाला चिखल आहे की नाही तेही तो बघतो.

---

सगळ्यांत_धाकटी

सुभेदार साहेब, तुम्हाला मनापासून नमस्कार.

तुमच्या बोलण्यावरून १९७१ आठवलं. माणेकशॉ साहेबांनी एप्रिलमध्ये इंदिराबाईंना आत्ता नाही म्हणून सांगितलं, ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पावसाळा तोंडावर, बंगालच्या नद्या समुद्रासारख्या फुगणार, हिमालयातल्या खिंडी उघड्या असताना चीनकडे पाठ करता येणार नाही, सुगीत रेल्वे गुंतलेली. डिसेंबरात बर्फाने खिंडी बंद झाल्यावर युद्ध झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. सेनापतीने लढाई कधी करायची नाही हे सांगायचं धैर्य दाखवलं, हे मला मैदानावरच्या शौर्याइतकंच मोठं वाटतं.

आणि त्याच युद्धात दुसऱ्या टोकाला जनरल सगतसिंग. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला. नदी प्रचंड रुंद. सगतसिंगांनी हेलिकॉप्टरमधून स्वतः फिरून जागा पाहिली. त्या फेऱ्यांत त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, वैमानिक जखमी झाला, यांच्या कपाळाला गोळी चाटून गेली. ते थांबले नाहीत. एमआय-४ हेलिकॉप्टरांनी माणसं पलीकडे उतरवली आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. म्हणजे एक जनरल दिल्लीत, एक नदीवर, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर.

याच्या आधीचं १९६२ आठवलं की वाईट वाटतं. नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, चौथ्या कोअरचे सेनापती कौल लढाई तोंडावर असताना आजारी पडून दिल्लीला गेले आणि तिथून अंथरुणातून हुकूम देत राहिले. कमान दुसऱ्याकडे लगेच दिली गेली नाही. सुभेदार साहेबांनी सांगितलेलं "मी पडलो तर कमान कोणाकडे" हे तिथे वरच्या पातळीवर कोणी विचारलंच नाही. आणि आपले कोल्हापूरचे जनरल एस. पी. पी. थोरात यांनी १९६० मध्येच लखनौला सराव घेऊन दाखवलं होतं की चीन असा येईल आणि आपलं बळ पुरणार नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या अराकानात कांगॉला स्वतः बटालियन लढवलेला माणूस होता तो. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, त्यांचं ऐकलं गेलं नाही.

---

तोफखाना

पूर्वा_क, तुमचा मुद्दा मान्य. माझा तर्क अपुरा होता. पगाराच्या हिशेबाने सतराव्या शतकाचा शेवट उलगडत नाही.

आता अजून एक उदाहरण देतो, ज्यात मी दोन वर्षं अडकून पडलो आहे. असई, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात.

पानिपतावर महादजी शिंदे पायाला जखम होऊन कसेबसे वाचले होते. त्या दिवसातून त्यांनी जे घेतलं ते दुसऱ्या कोणी घेतलं नाही. पुढे १७८४ पासून द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याला ठेवून त्यांनी कवायती कंपू उभे केले. बंदुका, तोफा, पगार वेळेवर. पाटण, मेडता या लढाया त्या पलटणींनी जिंकल्या. १७९४ मध्ये महादजी वानवडीला वारले आणि हे सगळं वैभव दौलतरावांच्या हाती आलं.

असईला इंग्रज सेनापती वेलस्ली आला तेव्हा तो ३४ वर्षांचा. प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजारांच्या आसपास. समोर पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभरावर तोफा, शिवाय घोडदळाचा समुद्र. वेलस्लीला वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, नदीच्या दोन्ही काठांना पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर. त्याच्या मनाने घेतलं की समोरासमोरच्या गावांत येणं-जाणं असणारच, म्हणजे उतार असणार. होता. तो उतरत असताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं. पुढे त्याचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाल्याने भोसकलं. हा दिवसभर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आपली बाजू पाहा. शत्रू बाजूने येतोय हे दिसताच त्या पलटणींनी आख्खी फळी काटकोनात फिरवली, शत्रूच्या नजरेसमोर. ही कवायत त्या काळात युरोपातल्या चांगल्या सैन्यालाही सहज जमली नसती. गोलंदाज तर असे की इंग्रज तोफा ओलांडून पुढे गेले तेव्हा मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले आणि मग उठून, तोफा फिरवून, मागून मारा सुरू केला. इंग्रजांची माणसं दीड हजारांवर मेली-जखमी झाली.

आणि दौलतराव शिंदे, रघूजी भोसले? रण सोडून गेले. पोलमनही गेला. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी जाहीरनामा काढून कंपूतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फोडलं होतं, कित्येक आधीच निघाले होते. उत्तरेत कंपूंचा फ्रेंच सेनापती पेराँ, त्याने तर इंग्रजांचा आश्रय घेतला. राहिला तो शिपाई आणि तोफेजवळचा गोलंदाज. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. बहुतेक तोफांजवळ गोलंदाज मेलेले.

इथे हौदा रिकामा झाला आणि फौज पळाली नाही. तरीही हरली. कोणी सांगावं, याला काय म्हणायचं?

---

पूर्वा_क

काल तुमचा प्रतिसाद वाचला आणि आज परत वाचला. महादजींनी फौज घडवली पण सेनापती भाड्याने घेतले, असं म्हणता येईल का? ज्यांच्याशी लढायचं त्यांच्यासारखेच युरोपातून आलेले लोक वरच्या जागांवर. द बॉयन कर्तबगार आणि इमानी होता, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. पण मधल्या फळीत आपले लोक तयारच केले नाहीत. पोलमन गेल्यावर ती फळी पुढे सरकवायची की मागे घ्यायची, हे ठरवणारा एकही माणूस तिथे नव्हता. लढणं त्यांना येत होतं, ठरवणं कोणी शिकवलं नव्हतं.

---

वैजापूरकर

असई आमच्यापासून लांब नाही. नदीकाठाला अजून कोणाच्या शेतात लोखंडी गोळे निघाल्याचं ऐकतो. त्या गोलंदाजांचं साधं नावही आपल्याला माहीत नाही, हे मनाला लागतं.

---

कासकर_मावशी

नावांचं म्हणालात म्हणून लिहिते. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसं गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढेच दोन आकडे. नावं नाहीत. त्यांतला एक माझ्या आजीचा काका. तो कुटला होता.

कुट-अल-अमारा, मेसोपोटेमिया, आताचं इराक. जनरल टाऊनशेंडच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी होत्या. बगदाद घ्यायला पुढे ढकललेली फौज टेसिफोनहून मागे फिरली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुटला वेढ्यात सापडली. १४७ दिवस. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या बऱ्याच लोकांनी धर्मापायी ते मांस खाल्लं नाही आणि ते हाडांचे सापळे झाले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

त्यानंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. जनरल साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, लढाई संपेपर्यंत ते तिथे आरामात राहिले, आणि कैदेत असतानाच त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

आजीच्या घरी तो काका परत आला नाही. त्याची आई, म्हणजे माझ्या आजीची आजी, ताटात भाकरी वाढली की आधी एक तुकडा बाजूला काढून ठेवायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, तो उपाशी गेलाय. तिला कुट कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण उपाशी गेला एवढं पलटणीतून परत आलेल्या कोणीतरी सांगितलं होतं.

सेनापती पुढे असावा की मागे, मला कळत नाही. पण त्याने आपल्या माणसांबरोबर असावं.

---

जुना_सुभेदार

मावशी, ती पाटी कुठल्या गावची ते इथे लिहू नका, पण पलटणीचा नंबर आणि नाव घरात कोणाला आठवत असेल तर कागदावर लिहून ठेवा. त्या पलटणींच्या मृतांच्या याद्या आहेत. बसऱ्याच्या स्मारकासाठी केलेल्या याद्यांत पुष्कळ हिंदी शिपायांची नावं सापडतात. मला खासगी निरोप पाठवा, मी शोधायला मदत करतो.

---

कासकर_मावशी

पाठवते. आभारी आहे, सुभेदार साहेब.

---

कृष्णाकाठ

चार दिवस इथे आलो नाही, आलो तर इतकं सगळं. मावशींचं वाचून थांबलो बराच वेळ.

पुतण्याला उत्तर दिलं. नेसरीनंतर फौज पांगली नाही. प्रतापरावांच्या हाताखालचे आनंदराव होते, त्यांनी फौज सावरून धरली आणि आदिलशाही मुलखात मुसंडी मारली. महाराजांनी लवकरच हंसाजी मोहित्यांना सरनौबती आणि हंबीरराव हा किताब दिला. राज्याभिषेकाला अष्टप्रधानांत सेनापती म्हणून हंबीरराव उभे होते. सुभेदार साहेबांच्या भाषेत, कमान कोणाकडे हे ठरायला वेळ लागला नाही.

पोरगा म्हणाला, मग गोष्टीत आनंदरावांचं नाव का नसतं? मी म्हटलं, आता आपण सांगताना घ्यायचं.

त्याला आता पालखेड बघायचंय. वैजापूरकर, मे महिन्याच्या सुट्टीत आलो तर चालेल का?

---

वैजापूरकर

या की, घर आपलंच आहे. पण मे महिन्यात नको, उन्हाने पोराचे हाल होतील. पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात या, बरोबर त्याच दिवसांत. तेव्हा आमच्याकडचे ओढे आटलेले असतात, पण विहिरींना तळाशी पाणी असतं. सकाळी निघू, चालत. बाटल्या घरी ठेवायच्या. दुपारी बारापर्यंत कुठल्या विहिरीवर पोचतो ते पोरालाच ठरवू द्या.